दुष्टाचा स्पर्श व प्रभूचा हात



ह्या आठवड्याच्या पाठाचा आरंभ एका प्रश्नापासून करितों. तो प्रश्न मला कोणा पंडितानें केला नाहीं. एका आईनें केला. त्या दिवशीं मजजवळ त्याचें उत्तर नव्हतें, आणि माझ्या देखत दुसऱ्यानें जें उत्तर दिलें तें खोटें होतें, तरी मी गप्प राहिलों. म्हणून हा पाठ लिहितांना मी प्रथम आपल्या स्वतःलाच शिकवीत आहें.

सुमारें वीस वर्षांपूर्वींची ही गोष्ट. मी पाळकाचें शिक्षण पुरें करून नुकताच बाहेर पडलों होतों, व पांच गांवांची मंडळी मजकडे सोंपविलेली होती. त्यांपैकीं एका गांवीं एका कुटुंबाचा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षें झालीं होतीं. त्यांची चार वर्षांची मुलगी तापानें पडली. शेजारच्या बायका म्हणूं लागल्या कीं, गांवदेवीला नारळ देणें तुम्ही सोडलें, तिचा हा कोप आहे. अजून तरी देवऋषीला बोलवा, अंगारा लावा, लिंबू उतरून टाका. तीं नवराबायको डगमगलीं नाहींत. मी त्यांच्या घरीं गेलों, ओट्यावर बसलों, योहानाच्या पहिल्या पत्रांतील पांचव्या अध्यायाचें अठरावें वचन वाचलें, आणि शेजाऱ्यांस ऐकूं जाईल अशा आवाजानें सांगितलें कीं, ह्या घराच्या उंबऱ्याच्या आंत दुष्टाचें बोट शिरणार नाहीं. आपल्या धैर्याचा मला त्या वेळीं अभिमान वाटला. मुलीला दवाखान्यांत न्या, एवढें मात्र सांगावयाचें मला सुचलें नाहीं. चवथ्या दिवशीं मुलगी वारली.

माती देऊन परत आल्यावर आई मला म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्हीं वाचलें तें मीं नीट ऐकलें. मग त्यानें माझ्या लेकराला शिवलें कसें? आमचा जन्म देवापासून झाला नाहीं काय?" मी शब्द शोधीत होतों, तोंच मजबरोबर आलेले एक वडील म्हणाले, "बाई, विश्वासांत कोठें तरी उणें असेल. कांहीं झांकलेलें पाप असेल, तें कबूल करा." त्या बाईनें मान खालीं घातली. मी कांहीं बोललों नाहीं. ती मान अद्याप माझ्या डोळ्यांपुढें आहे.

बंधूंनो, तुमच्यापैकीं जे उपदेशक व शिक्षक आहेत, त्यांच्या कानीं हाच प्रश्न कधीं ना कधीं येईल. तेव्हां आपण शास्त्र उघडून तो शांतपणें पाहूं.

१. दोन बाजूंचीं वचनें

एका बाजूला अशीं वचनें आहेत. जो देवापासून जन्मला आहे त्याला दुष्ट स्पर्श करीत नाहीं, असें योहान लिहितो (१ योहान ५:१८). बापानें आपल्याला अंधाराच्या सत्तेंतून काढून आपल्या पुत्राच्या राज्यांत आणून ठेविलें, असें पौल सांगतो (कलस्सै. १:१३). सर्प व विंचू तुडविण्याचा अधिकार प्रभूनें सत्तर शिष्यांस दिला, आणि कशानेंहि तुम्हांस बाधा होणार नाहीं असें सांगितलें (लूक १०:१९).

दुसऱ्या बाजूला हींहि वचनें आहेत. सैतानानें शिष्यांस गव्हाप्रमाणें चाळावयास मागितलें (लूक २२:३१). पौलाच्या देहांत एक कांटा होता, व त्याला तो सैतानाचा दूत म्हणतो (२ करिंथ. १२:७). थेस्सलनीका येथें जाण्याची त्याची फार इच्छा होती, परंतु सैतानानें वाट अडविली (१ थेस्सल. २:१८). अब्राहामाची लेक म्हणून प्रभूनें जिचा गौरव केला, ती बाई अठरा वर्षें सैतानानें बांधलेली होती (लूक १३:१६). गर्जणारा सिंह फिरत आहे म्हणून सावध राहा, असें पेत्र अविश्वासणाऱ्यांस नव्हे, तर मंडळीसच सांगतो (१ पेत्र ५:८).

आतां ह्यांपैकीं एकच बाजू धरिली तर काय होतें तें पाहा. पहिलीच धरिली तर, ज्या घरीं दुःख आलें त्या घरचे लोक देवाचे नाहींत, असें म्हणण्याची पाळी येते. मीं तें घडतांना पाहिलें. दुसरीच धरिली तर, बाप्तिस्मा घेऊनहि मनुष्य पूर्वींप्रमाणेंच अमावास्येला भितो, आणि अंगरख्याखालीं ताईत बांधून उपासनेला येतो. नांगराच्या दोन बैलांपैकीं एक सोडून दिला तर नांगर सरळ चालत नाहीं. वचनाचेंहि तसेंच आहे. दोन्ही जूं एकत्र ओढतील, असा अर्थ आपल्याला शोधिला पाहिजे.

ह्या शोधाची किल्ली प्रभूनें स्वतःच एका ठिकाणीं ठेविली आहे. लूकाच्या एकविसाव्या अध्यायाचीं १६ ते १८ हीं वचनें काढा. तुमच्यापैकीं कित्येकांस लोक जिवें मारतील, असें तो शिष्यांस सांगतो. आणि लागलीच पुढें, तुमच्या डोक्याचा एक केसहि नाश पावणार नाहीं, असें म्हणतो. मध्यें एकच वचन आहे. बोलणाऱ्यानें पहिलें वाक्य विसरून दुसरें म्हटलें, असें कोणीहि म्हणणार नाहीं. तर मारलें जाणें आणि नाश पावणें ह्या प्रभूच्या हिशेबीं दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद मनांत धरून आतां एकेक वचन पाहूं.

२. 'स्पर्श' ह्याचा अर्थ

योहानानें वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'हाप्तोमाय' हा आहे. त्याचा अर्थ बोट लावणें इतकाच नव्हे. धरणें, बिलगणें, पकडून ठेवणें असाहि होतो. पुनरुत्थानाच्या सकाळीं बागेंत मरीया मग्दालीया हिला प्रभू जें म्हणाला, तेथेंहि हाच शब्द आहे (योहान २०:१७). तिनें आपल्याला धरून ठेवूं नये, असा त्याचा आशय होता.

तथापि नुसत्या शब्दावर भिस्त ठेवूं नये. ईयोबाच्या पुस्तकाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत, ईयोबाच्या हाडामांसाला स्पर्श कर म्हणजे तो तुला शाप देईल, असें सैतान देवाला म्हणतो. तेथेंहि तोच शब्द आहे (ईयोब २:५). त्या प्रसंगीं देवानें परवानगी दिली, आणि ईयोबाचें शरीर खरोखरच पायाच्या तळव्यापासून माथ्यापर्यंत गळवांनीं भरलें. मग ईयोब देवाचा नव्हता काय? त्याच्यासारखा पृथ्वीवर कोणी नाहीं, अशी साक्ष देवानेंच दिली होती. म्हणून योहान कोणत्या स्पर्शाविषयीं बोलतो हें त्याच्या मागच्यापुढच्या वचनांवरून ठरविलें पाहिजे.

तीं वचनें वाचा. सोळाव्या व सतराव्या वचनांत पापाची व मरणाप्रत नेणाऱ्या पापाची गोष्ट चालली आहे. एकोणिसाव्यांत, आपण देवाचे आहों व सर्व जग त्या दुष्टाच्या हातीं पडलेलें आहे, असें तो म्हणतो. ताप, दुष्काळ, तुरुंग ह्यांचें तेथें नांवहि नाहीं. प्रश्न मालकीचा आहे: मनुष्य कोणाचा? जग ज्या मुठींत पडलें आहे त्या मुठींत देवाचें लेकरूं पुन्हा सांपडणार नाहीं, पापांत धरून ठेवून मरणापर्यंत ओढीत नेण्याचा अधिकार दुष्टाला त्याच्यावर राहिला नाहीं, हें योहान सांगत आहे.

गांवांत सावकाराच्या खतांतून सुटलेला कुणबी पाहा. सुटल्यावर रस्त्यांत सावकाराचा मनुष्य त्याला शिवी देईल, त्याच्या बैलाला दगडहि मारील. तो छळ खरा आहे व त्याचें दुःखहि खरें आहे. परंतु खत फाटलें आहे. त्याला धरून पुन्हा आपल्या शेतावर राबावयास लावण्याचा हक्क त्या सावकाराला उरला नाहीं. त्रास देणें निराळें आणि ताबा असणें निराळें.

ह्याच वचनांत आणखी एक गोष्ट आहे. हस्तलिखित प्रतींत येथें एका लहानशा शब्दाचा भेद आढळतो. कांहीं प्रतींत, देवापासून जन्मलेला मनुष्य स्वतःला राखतो, असें आहे; कांहीं प्राचीन प्रतींत, जो देवापासून जन्मला तो त्याला राखतो, असें आहे, आणि तेथें राखणारा म्हणजे ख्रिस्त असा अर्थ पुष्कळ विद्वान घेतात. नवशिक्यानें ह्यानें गोंधळून जाऊं नये. यहूदाचें लहानसें पत्र उघडा: एकविसाव्या वचनांत, तुम्ही आपल्याला देवाच्या प्रीतींत राखा, अशी आज्ञा आहे, आणि चोविसाव्यांत, तुम्हांस अडखळण्यापासून राखावयास देव समर्थ आहे, अशी स्तुति आहे. लेकरूं बापाचें बोट धरितें, आणि बाप लेकराचें मनगट धरितो. घसरणीच्या वाटेवर लेकराचें बोट सुटलें, तरी बापाचा हात सुटत नाहीं.

३. एका रात्रींतील दोन शिष्य

लूकाच्या बाविसाव्या अध्यायांत दोन शिष्यांची गोष्ट एकत्र आहे. तिसऱ्या वचनांत सैतान यहूदा इस्कर्योत ह्याच्यांत शिरला. एकतिसाव्या वचनांत त्यानें सर्व शिष्यांस चाळावयास मागितलें, आणि त्याच रात्रीं शिमोन पेत्रानें कोंबडा आरवण्यापूर्वीं प्रभूला तीन वेळां नाकारिलें. बाहेरून पाहिलें तर दोघेहि पडले. मग भेद काय?

एकतिसावें व बत्तिसावें वचन सावकाश वाचा. चाळणें हें 'तुम्हां' सर्वांविषयीं आहे. प्रार्थना मात्र 'तुझ्यासाठीं' आहे. मूळ भाषेंतहि हा अनेकवचनाचा व एकवचनाचा भेद स्पष्ट आहे. सैतानानें सर्वांस एका सुपांत मागितलें. प्रभूनें एकेकाचें नांव घेऊन प्रार्थना केली. आणि त्या प्रार्थनेंत, शिमोनाला चाळलें जाऊं नये, असें मागणें नाहीं. त्याचा विश्वास नाहींसा होऊं नये, एवढेंच मागणें आहे.

खळ्यावर बसणाऱ्या बायांस ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. चाळणींतला गहूं वरखालीं आदळतो, धुळींत माखतो; चाळणी थांबल्यावर माती व कोंडा निघून जातो, दाणा राहतो. वैऱ्याचा हेतु दाणाच फेंकून देण्याचा होता. परंतु जें फेंकलें गेलें तें शिमोनाचा स्वतःवरचा गर्व. तुरुंगांत व मरणाला जाण्यास सिद्ध आहें असें म्हणणारा शिमोन गेला. रडणारा, परत फिरणारा व भावांस स्थिर करणारा पेत्र राहिला. सिंहाविषयीं आपल्याला पत्र लिहिणारा तो हाच पेत्र. त्यानें तो सिंह पुस्तकांत वाचला नव्हता. त्याची गर्जना शेकोटीजवळ, दासीच्या प्रश्नांत ऐकिली होती. म्हणून तो भीति न दाखवितां सांगतो कीं, विश्वासांत दृढ होऊन त्याला विरोध करा, आणि थोडें दुःख सोसल्यावर देव स्वतः तुम्हांस उभे करील (१ पेत्र ५:९, १०).

यहूदाविषयीं योहान एक गोष्ट आधींच सांगून ठेवितो: थैली त्याच्याजवळ असे व तींत टाकिलेलें तो काढून घेई (योहान १२:६). सैतान दार फोडून आला नाहीं. रोज थोडें थोडें उघडें राहिलेल्या दारानें तो शिरला. म्हणून पौल म्हणतो कीं, रागावलां तरी सूर्य मावळेपर्यंत राग ठेवूं नका, व सैतानाला जागा देऊं नका (इफिस. ४:२६, २७). ज्याला भ्यावयाचें तें हें आहे. वाटेवर टाकलेल्या लिंबाला भिणारा, आणि भावाशीं तीन वर्षें अबोला धरून प्रभुभोजनाला बसणारा मनुष्य चुकीच्या दाराला कुलूप लावीत आहे.

४. सर्प, विंचू आणि पौलाचा कांटा

लूकाच्या दहाव्या अध्यायांतील सर्प व विंचू ह्यांविषयीं आपल्या खेड्यांत विशेष सावधगिरी पाहिजे, कारण आपल्या शेतांत सर्प खरोखरचे आहेत. हें वचन घेऊन कोणी भाऊ सापाला हात लावील, किंवा साप चावलेल्या मनुष्याला प्रार्थनेच्या नांवाखालीं घरीं धरून ठेवील, तर तो प्रभूची परीक्षा पाहतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असें सैतान प्रभूला म्हणाला तेव्हां त्यानेंहि शास्त्रवचनाचाच आधार घेतला होता, हें विसरूं नका (मत्तय ४:६). माल्टा बेटावर पौलाच्या हाताला साप डसला तो लांकडें गोळा करितांना, कोणाला चमत्कार दाखवावयास नव्हे. सर्पदंश झाल्यास क्षणहि न दवडितां रुग्णालयांत न्या, व वाटेनें प्रार्थना करा. महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणें हा गुन्हा ठरविला आहे. देवऋष्याला जें वर्ज्य तें प्रार्थना चालविणाऱ्यानें करावें, हें शोभत नाहीं. ज्या लूकानें हें वचन लिहून ठेविलें, तो स्वतः वैद्य होता (कलस्सै. ४:१४).

मग 'बाधा होणार नाहीं' ह्याचा अर्थ काय? येथें वापरलेलें मूळ क्रियापद प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायांतहि आहे. स्मुर्णा येथील मंडळीला, म्हणजे आज तुर्कस्थानांत ज्याला इझ्मिर म्हणतात त्या शहरांतील विश्वासणाऱ्यांस, प्रभू कळवितो कीं, सैतान तुमच्यापैकीं कित्येकांस तुरुंगांत टाकणार आहे, मरेपर्यंत विश्वासू राहा, जो जय मिळवितो त्याला दुसऱ्या मरणाची बाधा होणार नाहीं (प्रकटी. २:१०, ११). पहिल्या मरणाची बाधा होणार नाहीं, असें तो म्हणत नाहीं. त्याच नगराचा अध्यक्ष पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यास, वयाची ऐंशी वर्षें उलटल्यावर, ख्रिस्ताला नाकारावयास तयार झाला नाहीं म्हणून मारला गेला. सैतानाला तुरुंगाचें दार उघडतां आलें, चिता पेटवितां आली. त्या म्हाताऱ्याच्या तोंडून एक शब्द मात्र काढवितां आला नाहीं. आणि त्याला हवा होता तो शब्दच.

सत्तर शिष्यांस अधिकार दिल्यावर प्रभूनें पुढच्याच वचनांत काय सांगितलें तेंहि पाहा: भुतें वश होतात ह्याचा आनंद करूं नका, तुमचीं नांवें स्वर्गांत लिहिलीं आहेत ह्याचा आनंद करा (लूक १०:२०). मालकीचीच गोष्ट येथें पुन्हा आली.

आतां पौलाचा कांटा. तो काय होता हें पौल सांगत नाहीं. तो 'ठोसे मारणारा' आहे, एवढें मात्र सांगतो. आणि जो शब्द तो वापरितो तोच शब्द, महायाजकाच्या पुढें प्रभूला बुक्क्या मारिल्या, तेथें मत्तय वापरितो (मत्तय २६:६७). पौलानें तीन वेळां विनंती केली. कांटा निघाला नाहीं. कृपा पुरेल असें उत्तर मिळालें. ज्याच्या अंगावरच्या रुमालांनीं दुखणेकरी बरे झाले (प्रे. कृत्यें १९:१२), त्यालाच स्वतःचा कांटा वागवावा लागला. त्यानें त्रफिमाला मिलेत येथें आजारी असतां मागें ठेविलें (२ तीमथ्य ४:२०). एपफ्रदीत मरणास टेंकला होता (फिलिप्पै. २:२७). तीमथ्याचें पोट वारंवार दुखे (१ तीमथ्य ५:२३). ह्या तिघांच्या आजारांत पौल सैतानाचें नांवसुद्धां घेत नाहीं, व कोणाच्या पापाची चौकशीहि करीत नाहीं. ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या: प्रत्येक दुखणें सैतानाकडून आलेंच असें समजूं नये, आणि आलें असलें तरी तें दुखणेकऱ्याच्या अविश्वासाचें प्रमाण मानूं नये. अठरा वर्षें बांधलेल्या त्या बाईला प्रभूनें एकहि बोल लाविला नाहीं. त्यानें तिला सोडविलें, आणि शब्बाथाचें कारण सांगून तिच्या सुटकेला अडथळा करणाऱ्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याला मात्र धारेवर धरिलें.

आपल्या महाराष्ट्र मंडळीच्या इतिहासांतूनहि एक साक्ष घ्या. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं बाप्तिस्मा घेतला व पुढें केडगांव येथें मुक्ति सदन उभारून हजारों निराश्रित स्त्रियांस आसरा दिला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्या संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करीत होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी व कार्यांतील उजवा हात मनोरमाबाई १९२१ सालीं वारल्या. पुढच्या वर्षीं रमाबाईहि प्रभूकडे गेल्या. त्या माउलीच्या विश्वासांत उणें होतें म्हणून लेक गेली, असें म्हणण्याची कोणाची छाती आहे? मग रमाबाईंविषयीं जें बोलण्याची आपल्याला लाज वाटेल, तें खेड्यांतील गरीब आईविषयीं कसें बोलावें?

५. तात्पर्य

तर सर्व वचनें एकत्र जुंपलीं असतां असा अर्थ निघतो. सैतान देवाच्या लेकराला त्रास देऊं शकतो: देहाला, वाटेला, घरादाराला. परंतु प्रत्येक वेळीं त्याला मर्यादा घातलेली आहे, ईयोबाच्या गोष्टींत दोन्ही वेळां देवानें बांध घालून दिला, आणि तो बांध सैतानाला ओलांडतां आला नाहीं (ईयोब १:१२, २:६). सैतान देवाच्या लेकराला मोहांत घालूं शकतो, व लेकरानें दार उघडें ठेविलें तर आंत येऊन मोठी हानि करूं शकतो. म्हणून जागें राहावें. परंतु ख्रिस्ताच्या हातांतून तो त्याला हिसकून घेऊं शकत नाहीं (योहान १०:२८). प्रभूनें शेवटच्या रात्रीं बापाजवळ हेंच मागितलें: शिष्यांस जगांतून काढून घ्यावें असें नव्हे, तर त्यांस त्या दुष्टापासून राखावें (योहान १७:१५). जग तसेंच राहील, त्यांतील ताप व साप राहतील. आणि त्यांच्यामध्येंच राखणें घडेल.

म्हणून कोणाच्या घरीं दुखणें आलें तर उपदेशकानें प्रथम दवाखान्याची वाट दाखवावी, व बनेल तर बरोबर जावें. मग प्रार्थना करावी, आणि ती सौदा केल्याप्रमाणें नव्हे तर लेकराप्रमाणें करावी. घरावर संकट येणारच नाहीं असें वचन देवाच्या नांवानें देऊं नये. देवानें जें लिहून दिलें नाहीं त्यावर त्याची सही करणें ही खोटी साक्ष आहे. दुःखाच्या घरीं पापाची झडती घेऊं नये. आणि देवऋष्याच्या दाराकडे पाऊल वळूं लागलें, तर रागावण्यापेक्षां त्या घरीं रात्रभर सोबतीला बसावें, कारण पुष्कळ वेळां मनुष्य विश्वास गेल्यामुळें नव्हे, तर एकटा पडल्यामुळें तिकडे वळतो.

त्या आईकडे मी पुढें दोन वर्षांनीं गेलों, आणि त्या दिवशींच्या माझ्या मौनाबद्दल क्षमा मागितली. मीं तिला हीं वचनें वाचून दाखविलीं. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे तो माझ्या पोरीच्या अंगापर्यंत आला असेल, पण पोरीपर्यंत नाहीं आला." मीं वर्गांत शिकलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ तिनें मजपेक्षां थोडक्यांत सांगितला. तिनें ताईत बांधला नव्हता, आणि उपासनाहि सोडली नव्हती. परंतु दोन वर्षें ती मागच्या रांगेंत, दाराजवळ, मान खालीं घालून बसत असे. पुढच्या आदितवारीं ती पुढें येऊन बसली.

दोन वर्षें एका विश्वासू बाईला आम्हीं दाराजवळ बसविलें, आणि तें दुष्टाच्या शक्तीनें नव्हे, आमच्या अर्धवट वाचनानें. बंधूंनो, वचन पुरतें वाचा.

वर्गासाठीं प्रश्न

१. लूक २१:१६ व १८ हीं वचनें एकत्र कशीं खरीं आहेत, तें आपल्या शब्दांत सांगा.
२. यहूदा व पेत्र ह्यांच्या पडण्यांत काय भेद होता? पेत्रासाठीं प्रभूनें नक्की काय मागितलें?
३. १ योहान ५:१८ मधील स्पर्श कोणता, हें मागच्यापुढच्या वचनांवरून दाखवा.
४. आपल्या गांवांत कोणतें दार उघडें राहतें: राग, दारू, लबाडी, भीति? मोठ्यानें उत्तर देऊं नका; घरीं गेल्यावर प्रभूला सांगा.
५. ह्या आठवड्यांत आपल्या मंडळींत दुःखांत कोण आहे? त्याच्या घरीं कोण जाणार, हें उठण्यापूर्वीं ठरवा.